आशय वितरण जाळे (सीडीएन)
संकेतस्थळावरील चित्रे, चित्रफिती व इतर फाइलींच्या प्रती निरनिराळ्या शहरांतील सर्व्हरांवर साठवून, वापरकर्त्याला सोयीच्या सर्व्हरवरून पुरवणारी यंत्रणा. प्रकाशीय तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किमी. वेगाने जातो. मुंबई–न्यूयॉर्क हे सरळ अंतरच सुमारे १२,५०० किमी. असल्याने जाऊन-येऊन एका फेरीला किमान १२५ मिलिसेकंद लागतात. सुरक्षित जोडणी जुळवताना अशा एकाहून अधिक फेऱ्या होतात. प्रत मुंबईतच असल्यास हीच फेरी काही मिलिसेकंदांत उरकते.

जवळचा सर्व्हर निवडण्याचे काम बहुधा संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता देणारी डीएनएस यंत्रणा करते. मागितलेली फाइल तेथे नसल्यास तो ती मूळ सर्व्हरकडून आणतो, वापरकर्त्याला देतो आणि ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवतो. मुदतीपूर्वी मूळ फाइल बदलल्यास जुनी प्रत मुद्दाम काढावी लागते. बँक खात्यातील शिल्लक यांसारखी व्यक्तिगत माहिती सहसा मूळ सर्व्हरवरूनच येते.

एमआयटीतील टॉम लेटन, डॅनियल ल्यूइन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कोणती फाइल कोणत्या सर्व्हरवर ठेवायची हे ठरवणारी ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ ही पद्धत मांडली. सर्व्हर वाढले वा बंद पडले, तरी तीत थोड्याच फाइलींची जागा बदलावी लागते. या संशोधनातून १९९८ मध्ये अकामाय ही कंपनी स्थापन झाली.