आजीवन म्हणजे किती दिवस?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

२०२५च्या फेब्रुवारीतली गोष्ट. ऊसतोडीचा हंगाम चालू होता. आमच्या देवगाव रंगारीत माझं रिचार्जचं छोटं दुकान आहे. दुपारच्या वेळी जवळच्या तांड्यावरची एक म्हातारी आली. रुमालात गुंडाळलेला बटणांचा फोन तिनं माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "दादा, हा बिघडलाय बघा. पंधरा दिवस झाले, पोराचा फोन येईना."

मी फोन पाहिला. फोन चांगला होता. बॅटरी भरलेली, रेंज पूर्ण. संपली होती ती रिचार्जची मुदत. मुदत संपल्यावर आधी बाहेर जाणारे फोन बंद पडले. ते तिला कळलंच नाही, कारण ती कुणाला फोन लावतच नाही. मग येणारेही थांबले. मुलगा आणि सून पश्चिम महाराष्ट्रात कोयत्यावर गेलेली, शाळेत जाणारा नातू हिच्याजवळ. सगळ्या घराची खुशाली त्या एका फोनवर होती.

"मावशी, रिचार्ज मारावा लागेल," मी म्हटलं.

ती म्हणाली, "पण मी तर बोललेच नाही. मग पैसे कशाचे?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं एका वाक्यात नव्हतं. कोणतं सिम घेऊ, कोणता रिचार्ज स्वस्त पडेल, असं मला दिवसातून दहा जण विचारतात. त्यांना मी चटकन सांगतो. पण या बाईला खरं उत्तर द्यायचं तर तीस वर्षं मागं जावं लागतं.

मी या धंद्यात आलो १९९३ साली, एसटीडी बूथ टाकून. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, आत काचेची खोली, टेबलावर लाल आकड्यांचं मीटर. त्या काळात गावात घरचा फोन मोजक्या लोकांकडं. बाकीचे माझ्याकडं येत. रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून जेवणं आटोपून लोक रांग लावत. बोलणाऱ्याचं एक डोळं मीटरवर. आकडा पळायला लागला की आईची चौकशी अर्धवट टाकून माणूस म्हणायचा, "ठेवतो आता." यंत्रातून पावती निघायची, पैसे नसतील तर मी वहीत लिहून घ्यायचो. त्या व्यवहाराचा नियम लहान पोरालाही समजायचा. जेवढं बोललात, तेवढं द्या. न बोलण्याचे पैसे नव्हते.

मोबाइल देशात आला तो ३१ जुलै १९९५ रोजी. त्या दिवशी कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला फोन केला. सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि गंमत म्हणजे आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जात. म्हणजे दुसऱ्यानं आपली चौकशी केली तरी बिल आपल्याला. लोक नंबर बघून फोन कापायचे आणि जवळच्या बूथवर धावायचे. माझा धंदा तेव्हा मोबाइलवाल्यांमुळंही चालला.

इतकं महाग का होतं? सरकारनं देशाची मंडळं पाडली होती. मुंबईचं मंडळ वेगळं, आणि गोव्यासह उरलेल्या महाराष्ट्राचं वेगळं. आपल्या मंडळात सुरुवातीला दोनच खासगी कंपन्या होत्या, बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी. यातल्या दुसरीचं नाव पुढं आयडिया झालं. कंपन्यांनी परवान्यासाठी मोठमोठ्या रकमांची बोली लावली होती आणि ती रक्कम मूठभर गिऱ्हाइकांकडून वसूल करायची होती. १९९९च्या दूरसंचार धोरणानं ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातला हिस्सा घेण्याची पद्धत आणली. तेव्हा कुठं गिऱ्हाईक वाढवण्यात कंपन्यांना फायदा दिसू लागला.

मग दोन वर्षांत चित्र पालटलं. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सनं ५०१ रुपये भरून फोन हातात द्यायची योजना काढली. बाकीचे पैसे महिन्याच्या बिलातून जायचे, ही गोष्ट अनेकांना नंतर कळली. पण माझ्या मते खरी मोठी तारीख वेगळी आहे. १ मे २००३ पासून फोन लावणाऱ्यानं पैसे द्यायचे आणि घेणाऱ्याला फुकट, असा नियम आला.

गरिबाचा मोबाइल त्या दिवशी जन्माला आला, असं मी मानतो. कारण आता खिशात दमडी नसली तरी फोन वाजू शकत होता. लोकांनी लगेच मिस्ड कॉलची भाषा तयार केली. एक रिंग म्हणजे पोहोचलो. दोन म्हणजे तू फोन कर. शेतातल्या गड्यानं दिलेली रिंग म्हणजे लाइट आली. एक पैसा न खर्चता अख्खा गाव एकमेकांशी बोलत होता. ऑक्टोबर २००४ पर्यंत देशात घरच्या फोनपेक्षा मोबाइल जास्त झाले. माझ्या बूथची रांग आटली आणि मी काचेच्या खोलीत रिचार्जची कुपनं टांगली.

कुपन विकताना मला पहिल्यांदा एक नवी गोष्ट समजावून सांगावी लागली, ती म्हणजे मुदत. शंभराच्या कुपनातून कर आणि कंपनीचं शुल्क वजा होऊन उरेल तेवढं बोलणं, हे लोक मान्य करत. पण बोलणं शिल्लक असताना कार्ड संपतं कसं, हे कुणाला पटत नसे. एक शेतकरी मला म्हणाला होता, "डब्यात तेल आहे, पण तारीख गेली म्हणून दिवा लावायचा नाही, असं झालं हे."

ही नाराजी कंपन्यांनाही कळत होती. २००५च्या अखेरीस 'आजीवन' योजना निघाल्या. ९९९ रुपये एकदा भरा, येणारे फोन जन्मभर चालू. माझ्या वडिलांसाठी मी असं एक कार्ड घेतलं. त्या काळात ९९९ म्हणजे थोडी रक्कम नव्हती. वडिलांनी तो नंबर घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिला, लासूर स्टेशनच्या अडत्याला दिला, बहिणींना दिला. कांद्याचा भाव त्याच नंबरावर यायचा आणि सोयरिकीचा निरोपही.

आता 'आजीवन' म्हणजे कुणाचं जीवन, हा प्रश्न तेव्हा खरोखर निघाला होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, २००६ मध्ये त्याचं उत्तर दिलं. कंपनीकडं सेवेचा परवाना आहे, आणि त्याचं नूतनीकरण होत राहील, तोवर आजीवन. परवाना कधी संपतो तो महिना आणि वर्ष गिऱ्हाइकाला सांगायचं बंधनही घातलं. म्हणजे आजीवन हे माणसाचं नव्हतं, परवान्याचं होतं. मी ते वाचलं, पण वडिलांना सांगितलं नाही.

पुढची काही वर्षं गिऱ्हाइकाच्या सुगीची. २००५ साली मुंबई आणि उरलेला महाराष्ट्र यांच्यातले फोन एकाच मंडळातले धरायला परवानगी मिळाली, आणि मुंबईत कामाला असलेल्या पोरांचं गावाशी बोलणं स्वस्त झालं. मार्च २००६ मध्ये बीएसएनएलनं देशभर एक रुपया मिनिट असा दर आणला. २००९ साली टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा लावला. हा फरक मी पाटीवर खडूनं लिहून दाखवायचो. रुपया मिनिटाच्या योजनेत ६१ सेकंद बोललात तर दोन मिनिटांचे दोन रुपये. सेकंदाच्या योजनेत ६१ पैसे. "पोहोचलो, ठेवतो" म्हणणाऱ्यासाठी सेकंदाची योजना सोन्यासारखी. थोड्या महिन्यांत सगळ्याच कंपन्यांना तो दर द्यावा लागला. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, शुल्क फार तर १९ रुपये. २०१२ साली ट्रायनं कुपनांना रंग ठरवून दिले. योजनेला लाल पट्टा, टॉक टाइमला हिरवा, खास सवलतीला पिवळा. गावाच्या नावातच रंगारी, आता दुकानातही तेच, असं लोक हसून म्हणत. पण अक्षर न वाचता येणारी बाईसुद्धा "हिरवं द्या" म्हणू लागली, हे मला फार आवडलं होतं.

त्याच वर्षी २ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं १२२ परवाने रद्द केले आणि काही कंपन्यांचा गाशा गुंडाळला गेला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली. मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट, आणि त्यानंतरही बोलण्याला वेगळा दर असा फारसा उरला नाही. या स्पर्धेत एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो, जुनी रिलायन्स यांच्या पाट्या मी एकेक करून उतरवल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. डझनभर नावांतून आपल्या भागात निवडायला तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल एवढंच राहिलं.

आणि त्याच २०१८ च्या हिवाळ्यात वडिलांच्या फोनवर संदेश आला. दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज करा, नाहीतर सेवा बंद होईल. कंपनीचं नाव मी घेत नाही. शिल्लक असलेल्या गिऱ्हाइकांची सेवा लगेच तोडू नका, असं ट्रायनं त्या नोव्हेंबरात कंपन्यांना बजावलं, पण वारं फिरलं होतं. मी वडिलांना संदेश वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माझं जीवन तर अजून चालू आहे. यांचं कसं संपलं?" दुसऱ्या दिवशी मी ३५ रुपये भरले. भिंतीवरचा नंबर बदलायचा नव्हता.

तर मावशीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. आधी आपण मिनिटं विकत घेत होतो, मग सेकंद, आणि आता दिवस विकत घेतो. बोला अगर बोलू नका, इंटरनेट वापरा अगर वापरू नका, फोन वाजता ठेवायचं भाडं दिवसावर आहे. जास्त बोलणाऱ्याला याच्याइतकं स्वस्त काही नाही, हेही खरं आहे. दिवसभर बोलणारा पोरगा आणि कधीच फोन न लावणारी आजी दोघंही सारखंच भरतात. हिशेबाची मेख एवढीच आहे.

म्हणून आता कुणी विचारलं की मी चार गोष्टी सांगतो. पहिली, घरात आणि शेतात ज्याची रेंज येते ते सिम घ्या. रेंज नसेल तर फुकटही महाग. दुसरी, रुपये बघू नका, रुपयाला दिवसानं भागा. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. तक्रारी झाल्यावर ट्रायनं जानेवारी २०२२ मध्ये तीस दिवसांच्या योजनाही ठेवायला लावल्या. त्या आहेत का, ते विचारा. तिसरी, इंटरनेट लागतच नसेल तर त्याचे पैसे देऊ नका. डिसेंबर २०२४ च्या नियमानं कंपन्यांना फक्त बोलणं आणि संदेश यांची वेगळी योजना ठेवावी लागते, आणि तिची मुदत वर्षभरापर्यंत असू शकते. चौथी, कंपनी पटली नाही तर नंबर घेऊन खुशाल दुसरीकडं जा. तो हक्क अजून शाबूत आहे.

त्या दिवशी मी मावशीसमोर हाच हिशेब मांडला. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एका मोठ्या कंपनीचा २८ दिवसांचा रिचार्ज १७९ वरून १९९ झाला होता. तेरा वेळा म्हणजे वर्षाचे २,५८७ रुपये. त्याच कंपनीची नुसत्या बोलण्याची ३६५ दिवसांची नवी योजना १,८४९ रुपयांना होती. वर्षाला ७३८ रुपये वाचत होते. मी खुशीत म्हटलं, "मावशी, हे घ्या."

तिनं कमरेची पिशवी सोडली. त्यात दोनशेची एक नोट आणि थोडी चिल्लर होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्वस्त योजना ज्याच्याजवळ एकरकमी पैसे आहेत त्याच्यासाठीच स्वस्त असते. दोनशे रुपये हातात असलेल्या बाईला महागाचीच घ्यावी लागते. बूथच्या काळात दर कितीही मोठा असला तरी दोन रुपयांचं बोलणं दोन रुपयांत मिळायचं.

बूथची जुनी उधारीची वही मी ठेवली होती. ती काढली, कोऱ्या पानावर तिचं नाव घातलं, खाली १,८४९ लिहिले आणि दोनशे जमा केले. बाकी तिची माणसं कोयत्यावरून परतल्यावर जमेल तसं. रिचार्ज मारला. फोन तिच्या हातात द्यायच्या आत पाच मिनिटांत वाजला. मी आधीच तिच्या मुलाच्या नंबरावर एक रिंग देऊन ठेवली होती.