माँ दंतेश्वरी दवाखाना, शोधग्राम

गडचिरोली शहरापासून सुमारे १७ किमी.वर, चातगावनजीक असलेले रुग्णालय. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेतर्फे (स्थापना १९८५) ते चालवले जाते. शोधग्राम हा संस्थेचा परिसर १९९३ मध्ये उभा राहिला.

इमारतीआधी गोंड आदिवासींना विचारण्यात आले, की दवाखान्यात का येत नाही? (रुग्णालय बांधताना हा क्रम सहसा उलटा असतो.) मोठ्या वास्तूत जीव दडपतो, मुलाबाळांना आजाऱ्याजवळ राहू देत नाहीत, डॉक्टर-नर्सचे कपडे पांढरे. पांढरे कापड प्रेतावर घालतात, ते अंगावर घेतलेला माणूस जीव कसा वाचवील? या आक्षेपांतूनच आराखडा निघाला. दवाखाना पाड्यासारखा, कौलारू झोपड्यांचा. रुग्णासोबत घरच्यांना राहण्याची सोय. दर्शनी भाग घोटुलाच्या (गोंड तरुणांच्या सामूहिक घराच्या) धर्तीचा. देवीचे नाव हीदेखील गोंडांचीच सूचना. दंतेश्वरीचे मुख्य ठाणे बस्तरमधील दंतेवाडा येथे आहे. शोधग्रामात तिचे देऊळ असून दरवर्षी यात्रा भरते. त्या वेळी गावोगावचे प्रतिनिधी आरोग्याच्या प्रश्नांचा अग्रक्रम ठरवतात. हिवताप असाच वर आला.

श्वासमापक : बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी बंग दांपत्याने केलेले साधन. मिनिटाला किती श्वास हे निरक्षर दाईला मोजता येत नसे, पण दहापर्यंतची मोजणी जमे. म्हणून लाकडी पट्टीवर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी बसवल्या. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालील बाळाच्या ओळीत लाल मणी सहावा (६० श्वास), मोठ्या बाळाच्या ओळीत पाचवा (५०). अंकाची जागा येथे रंगाने घेतली. आदिवासी आरोग्यसेवेसाठी घडलेल्या दृश्य साधनांत प्रस्तुत लेखकाच्या मते याच्या तोडीचे दुसरे नाही.

संशोधन : न्यूमोनिया नियंत्रणाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये १९९० साली, घरोघरी नवजात बाळसेवेचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रयोगात ३९ गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. या सेवेत गावच्या प्रशिक्षित आरोग्यदूतांनी बाळाला इंजेक्शन द्यावे की नाही, याबाबत वैद्यकवर्तुळात एकमत नव्हते. घरभेटींवर आधारित बाळसेवा २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू झाली.

व्यसनमुक्ती : शोधग्रामात केंद्र आहे.