चेनापट्टणच्या तटाआड

सप्टेंबर १७८०. एलिफंट गेटचा दरवाजा अर्धाच उघडा आहे आणि तुम्ही गर्दीत ढकलले जात आत शिरता. जॉर्ज टाउन हे नाव अजून कुणाच्या तोंडी नाही. इंग्रज या वस्तीला ब्लॅक टाउन म्हणतात, पुण्याच्या कागदांत साऱ्या मद्रासचंच नाव चेनापट्टण. मागे पूनमल्लीच्या वाटेवर माणसांची रीघ लागली आहे. कडेवर मुलं, डोक्यावर गाठोडी. बैलगाडी एखाददुसरीच, कारण बैल म्हैसूरच्या हैदर नाईकाच्या स्वारांनी हाकून नेले.

पुढे चाललेला माणूस कांचीपुरमचा विणकर. घर सोडताना त्यानं उचलली ती मागाची फणी. माग कुठलाही सुतार पुन्हा करून देईल. पण बारीक काड्या एकेक करून बांधलेली फणी अशी सहज मिळत नाही. फडक्यात गुंडाळून त्यानं ती छातीशी धरली आहे. तिच्यात भरायला सूत कुठून येणार, हे त्याला विचारू नका.

तटावर चढा. हा तट हैदरच्याच धाकानं उभा राहिला. १७६७ मध्ये त्याचे स्वार परंगीमलै टेकडीपर्यंत येऊन लुटून गेले. १७६९ मध्ये तो स्वतः शहराच्या उंबऱ्याशी आला आणि इंग्रजांना तह करायला लावून परतला. मग पॉल बेनफिल्डला ठेका देऊन उत्तर आणि पश्चिम बाजूंना ही भिंत बांधली. तिचा खर्च रहिवाशांकडून कर घेऊन काढायचं ठरलं, तो कर कधी वसूल झालाच नाही. तरी वॉल टॅक्स रोड हे नाव तुमच्या काळापर्यंत टिकलं आहे.

पश्चिमेकडं बघा. क्षितिजावर धूर आहे. तो वेड्या लुटीचा धूर नव्हे. जुलैत ऐंशी-नव्वद हजारांची फौज घेऊन हैदर चंगमा घाटानं खाली उतरला, तेव्हा काय जाळायचं आणि काय राखायचं याचा हिशेब त्याच्याजवळ होता. पुढे मार्क विल्क्स या इतिहासकारानं तो नोंदवला: पुलिकतपासून पाँडिचेरीपर्यंत, किनाऱ्यापासून तीस-पस्तीस मैल आतपर्यंत, मद्रासभोवती उजाड मुलखाचा पट्टा आखायचा. माणसं हुसकायची, गुरं म्हैसूरकडं न्यायची, गावं पेटवायची. इंग्रजांच्या फौजेला धान्य मिळू नये, बैल मिळू नयेत, आणि बातमी तर मुळीच मिळू नये. पण पट्ट्यापलीकडे जिथं राज्य करायचं, तिथं वेगळा न्याय. नोव्हेंबरात आर्काट घेतल्यावर तो तिथल्या रहिवाशांना अभय देणार आहे. धाक आणि अभय एकाच हातात ठेवले की पुढचं गाव न लढता शरण येतं.

डाव साधला आहे. १० सप्टेंबरला पोल्लिलूरला कर्नल बेलीची तुकडी कापली गेली, बेली स्वतः कैद झाला. सेनापती मन्रो काही कोसांवर कांचीपुरमला होता; त्यानं जड तोफा देवळाच्या तळ्यात ढकलल्या आणि मद्रासचा रस्ता धरला.

पण आतल्या गल्ल्यांतून फिरा. कंपनीच्या किल्ल्याला समुद्र मोकळा आहे. बंगालमधून तांदूळ येईल, नोव्हेंबरात आयर कूट कुमक घेऊन येईल. उपाशी राहणार ती तंबू चेट्टी रस्त्याच्या ओट्यांवर निजलेली माणसं. दोन वर्षांत दुष्काळ असा टोकाला जाईल, की त्यांना कांजी घालायला तटाबाहेर मणेगार छत्र काढावं लागेल. मला हैदरच्या युद्धकौशल्याचं कौतुक वाचवत नाही ते यामुळं. त्याचा शत्रू कंपनी होती आणि कंपनी या आगीतून तगली.

कालिकांबाळ देवळापाशी तुमचं मराठी ऐकून एक गृहस्थ थांबतात. आर्काटच्या नवाब महंमद अलीच्या दप्तरातले देशस्थ कारकून.

"आपण पुण्याकडचे?"

"होय."

"मग खरं सांगा. नानांनीच याला इकडं घातलं ना?"

काय सांगाल? वडगावला इंग्रज हरले, तरी मराठ्यांशी त्यांची लढाई मिटलेली नाही. इंग्रजांना चहूकडून कोंडायचं म्हणून नाना फडणीसांनी याच वर्षी हैदरशी करार केला. निजाम आणि नागपूरकर भोसल्यांनाही त्याच बेतात ओढलं. पुण्यातून पाहिलं तर मसलत उत्तम होती. या ओट्यावरून मात्र तिची दुसरी बाजू दिसते.

"आमची बहीण तंजावरला दिली आहे," कारकून म्हणतात. "तिथं तुळजाजी राजे, भोसलेच. पुण्याचा दोस्त त्यांना हात लावणार नाही, असं सगळे म्हणतात."

पुढचं वर्ष तुम्हाला ठाऊक आहे. १७८१ मध्ये हैदरची फौज तंजावरात शिरेल. कालवे-बंधारे फुटतील, गुरं जातील, पोरं पकडून नेली जातील. तमिळ मुलखात त्या दिवसांना हैदर कलाबम म्हणतील. पुण्याशी झालेल्या कराराचा तिथल्या एकाही मराठी घराला उपयोग होणार नाही.

त्यांना बाजूला घ्या. सांगा, "आज रात्रीच पत्र लिहा. दाणा भरून बसू नका म्हणावं. मुलंबाळं घेऊन तरंगमबाडीला जा, तिथं डॅनिश लोकांचं ठाणं आहे, ते या भांडणात नाहीत." ते कारण विचारतील. नानांचं नाव न लपवता सांगा.