तंजावरचा मुदपाकखाना व अन्ननगरीचीं लक्षणें

खवय्यांच्या दृष्टीनें एखाद्या नगराची थोरवी कशांत असते, हा प्रश्न सनदा व बखरी धुंडाळणाऱ्या संशोधकांस वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु नगराच्या पाकशाळेंत त्याचा व्यापार, राजाश्रय, धर्माचार व परकीयांशीं आलेला संबंध हीं सर्व एकत्र आलेलीं असतात. जेथें धान्य विपुल तेथें भोजन उत्तम, असें सामान्यतः म्हणतात. हें विधान अर्धेंच खरें आहे असें आमचें मत असून, त्याच्या स्पष्टीकरणार्थ आम्ही तंजावरचें उदाहरण घेतों.

कावेरीच्या मुखाकडील प्रदेश हें भाताचें कोठार होय. तेथील कल्लणै बंधाऱ्याचें श्रेय परंपरा करिकाल चोलास देते. तथापि हाच तांदूळ आसपासच्या शेंकडों खेड्यांसहि मिळत होता. त्या खेड्यांचीं नांवें पाकविद्येच्या इतिहासांत येत नाहींत. तेव्हां सुपीक भूमि हें पहिलें लक्षण खरें, पण पुरेसें नव्हे.

दुसरें लक्षण अनेक चुलींचा शेजार. तंजावरची प्रजा तमिळ, इ. स. १६७३ पर्यंत राज्य करणारे नायक तेलुगु. त्यानंतर लवकरच आलेले एकोजीराजे भोसले मराठे. नायकांच्याच अमदानींत, इ. स. १६२० मध्यें, जवळच्या तरंगमबाडीस डेन्मार्कच्या लोकांची वसाहत झाली. सरफोजीराजे (दुसरे, राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या शिक्षणावर श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याची देखरेख होती. अशा ठिकाणीं एका घरची चव दुसऱ्या घरीं गेल्यावांचून राहत नाहीं.

परंतु चव जिभेवरून जाते, कागदावर राहते. म्हणून लेखन हें तिसरें लक्षण आम्ही मुख्य मानतों. मूळचा महाराष्ट्रांतला रघुनाथ गणेश नवहस्त यानें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. एकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा त्यास आश्रय होता. त्याच्या ग्रंथांत पदार्थांचे गुणदोष, भक्ष्याभक्ष्यविचार व भोजनविधि यांचा संग्रह आहे. या ग्रंथकाराचा काळ व चरित्र पु. कृ. गोडे यांनीं परिश्रमपूर्वक उजेडांत आणलें. पुढें सरफोजीराजांच्या पाकशाळेंतून 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी ग्रंथ निर्माण झाला. त्यांत इंग्रजी धाटणीच्या पदार्थांसहि जागा मिळाली आहे. पहिला ग्रंथ शास्त्राच्या आधारें अन्नाचा विचार करतो, दुसरा प्रत्यक्ष चुलीपाशीं बसून कृति सांगतो. सव्वाशें-दीडशें वर्षांच्या अंतरानें एकाच राजघराण्याच्या छायेंत असे दोन ग्रंथ सांपडणें, हें तंजावरचें वैशिष्ट्य होय.

कागद नसला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण सांबार. हा पदार्थ तंजावरास निघाला व त्यास संभाजीराजांचें नांव मिळालें, ही कथा आज सर्वत्र सांगितली जाते. तिच्या पुष्ट्यर्थ समकालीन लेख मात्र कोणी दाखवीत नाहीं. संस्कृतांत 'संभार' म्हणजे जमविलेली सामग्री. मराठींत संभार म्हणजे मसाला. वऱ्हाडांत कोथिंबिरीस आजहि सांबार म्हणतात. राजाच्या नांवावांचूनहि या शब्दाची उपपत्ति लागूं शकते. जेथें लेख मुका असतो, तेथें दंतकथा बोलूं लागते.

चौथें लक्षण सर्वांत मोठें : नगराचें अन्न परक्याच्या पानांत पडतें कीं नाहीं. इ. स. १७९९ च्या तहानें राज्यकारभार कंपनीकडे गेला. त्यानंतर रामेश्वराच्या वाटेवरील अन्नछत्रांविषयीं सरफोजीराजांनीं १८०१ मध्यें रेसिडेंटास लिहिलें. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या जातींपर्यंत सर्व वाटसरूंस, तसेंच जोगी, जंगम व बैराग्यांस तेथें शिजलेला भात मिळे; तो न चाले त्यास कोरडा शिधा. मध्यरात्रीं घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्यानें येऊन अन्न घ्यावें, अशी द्वाही फिरे. ज्या राजाच्या हातीं राज्य उरलें नव्हतें, त्यास ही घंटा बंद पडूं नये अशी काळजी होती. राजवाड्यांतील पक्वान्नांपेक्षां या घंटेनें तंजावरची योग्यता आम्हांस अधिक कळते.

येथें संग्राहकांस एक विनंति आहे. जुनीं दप्तरें चाळतांना तह, सनदा व राजकीय पत्रें आपण जपून ठेवतों. परंतु कोठीचा जमाखर्च, मोदीखान्याच्या यादी, भोजनसमारंभाच्या साहित्याचे बंद यांस निरुपयोगी समजून बाजूस सारतों. कोणत्या सालीं कोणता जिन्नस कोणत्या भावानें आला, पंगतीस कोण होतें, कोणास शिधा मिळाला, हें सांगणारा साक्षीदार दुसरा नाहीं. तेलातुपाचे डाग पडलेला मोडी कागद हातीं आल्यास तो रद्दींत न टाकतां, त्यावर साल व स्थळ टिपून रुमालांत बांधून ठेवावा. तंजावरास दोन ग्रंथ उरले म्हणून त्याची कथा सांगतां आली. इतर किती नगरांची पाकशाळा आपल्याच दप्तरांत वाळवीच्या तोंडीं पडली असेल, याचा विचार विद्वानांनीं करावा.