नाकतोडा, देऊळ आणि मनोरा

परक्या शहराच्या भुयारी रेल्वेत उतरणारा प्रवासी कितीही शिकलेला असो, काही काळापुरता तो निरक्षर होतो. मेक्सिको सिटीची मेट्रो ४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली, तेव्हा तिने या अवस्थेची दखल आधीच घेतलेली होती. तिथे प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्रही मिळाले, कारण शहरातल्याच अनेकांना वाचता येत नव्हते. आपल्याकडे १९५१-५२च्या निवडणुकीत मतपेट्यांवर चिन्हे आली ती याच गरजेपोटी.

पहिल्या मार्गांची चित्रे लान्स वायमन या अमेरिकन आरेखनकाराने व त्याच्या सहकाऱ्यांनी केली. चापुल्तेपेक स्थानकावर नाकतोडा आहे. नाहुआट्ल भाषेत या नावाचा अर्थ 'नाकतोड्याची टेकडी' असा होतो, आणि जुन्या चित्रपोथ्यांत हे स्थळ टेकडीवरच्या नाकतोड्यानेच दर्शवले जाई. म्हणजे रोमन अक्षरे न येणारा प्रवासी इथे नकळत त्यांच्याहून जुनी, १५२१च्या स्पॅनिश विजयाआधीची लेखनरीत वाचत असतो.

कधी नाव आणि चित्र वेगवेगळे काळ सांगतात. पिनो सुआरेझ हे नाव १९१३ साली मारल्या गेलेल्या उपराष्ट्राध्यक्षाचे, पण चित्र आहे देवळाचे. मेट्रोच्या खोदकामात १९६७ साली तिथे वायुदेव एहेकात्लची अॅझ्टेक वेदी सापडली. गाडी बदलायला जाणाऱ्यांच्या वाटेवरच ती जपून ठेवलेली आहे.

त्लातेलोल्कोला मात्र हे चित्रलेखन मूक होते. तिथल्या चौकात २ ऑक्टोबर १९६८ रोजी विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळीबार झाला आणि माणसे मारली गेली. दहाच दिवसांनी शहरात ऑलिम्पिक सुरू झाले. त्याच्या बोधचिन्हाच्या घडणीतही वायमनचा हात होता, आणि आंदोलक विद्यार्थ्यांनी तीच शैली आपल्या निषेधचित्रांत उलटवून वापरली होती. १९७० साली स्थानक उघडले तेव्हा त्याला चित्र मिळाले ते जवळच्या वसाहतीतल्या उंच मनोऱ्याचे.

प्रवाशाला योग्य जागी उतरवण्याचे काम तो मनोरा चोख करतो. उतरलो ती जागा कोणती, हे कळण्यासाठी जिने चढून चौकापर्यंत जावे लागते. तिथे १९९३ साली उभारलेल्या स्मारकशिळेवर मृतांपैकी काहींची नावे आणि वये कोरलेली आहेत. ती मात्र अक्षरांतच वाचावी लागतात.