निर्मात्यावर भिस्त आणि हाताला काम

वाशीम म्हटले की वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म आठवते, बालाजीचे देऊळ आठवते, पद्मतीर्थ आठवते. जाणकार मंडळी १९३९ साली उजेडात आलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटाचाही उल्लेख करतात. या यादीत मला आज आणखी एक नाव घालायचे आहे, ते म्हणजे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. १९३८ साली नाझरीन चर्चच्या मिशनने ते वाशीममध्ये सुरू केले. ते चालवणाऱ्यांची श्रद्धा अशी, की आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा देव सर्वसमर्थ आहे आणि माणसाने त्याच्या सामर्थ्यावर विसंबून राहावे. मग साधा प्रश्न पडतो. देव सर्वसमर्थ आहे आणि तो बरे करतो, तर दवाखाना कशासाठी?

हा प्रश्न काही केवळ ख्रिस्ती लोकांचा नाही. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपण आळशी माणसाला टोमणा मारताना वापरतो, ती याच प्रश्नातून आली आहे. ख्रिस्ती शिकवणुकीने आणि विशेषतः आपल्या मराठी मुलखातल्या ख्रिस्ती माणसांनी त्याचे उत्तर कसे शोधले, ते पाहण्यासारखे आहे.

ख्रिस्ती लोक आपला विश्वास प्रकट करताना पहिली गोष्ट सांगतात ती निर्मात्याची. मराठीत हा विचार मांडण्याचा मोठा प्रयत्न चारशे वर्षांपूर्वी झाला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचे 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथात जगाच्या उत्पत्तीपासून कथा सुरू होते. परका विचार सांगायचा, पण शब्द घरचे हवेत, म्हणून स्वर्गासाठी त्याने 'वैकुंठ' हा शब्द निःसंकोच वापरला. पुढे विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला आणि अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत बायबलची भाषांतरे छापली. 'उत्पन्नकर्ता' आणि 'सर्वसमर्थ' हे शब्द आज प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी आहेत.

या दोन शब्दांचा एकत्र विचार केला की आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडते. जग देवाने निर्माण केले असेल, तर जगातल्या वस्तूही त्याच्याच. माती, पाणी, वनस्पती, माणसाची बुद्धी आणि त्याचे हात, सारे त्याचेच देणे. सिराखचा एक प्राचीन ग्रंथ कॅथलिकांच्या बायबलमध्ये आहे. त्यात स्पष्ट म्हटले आहे, की औषधे देवाने जमिनीतून उत्पन्न केली, शहाणा माणूस ती तुच्छ मानत नाही आणि वैद्यालाही देवानेच नेमले आहे. म्हणजे औषध घेणे हा देवावरचा अविश्वास ठरत नाही.

वाशीमला आधी मेथडिस्ट मिशनचे ठाणे होते आणि नंतर नाझरीन चर्च आले. दोघांचे मूळ एकच, अठराव्या शतकातले धर्मोपदेशक जॉन वेस्ली. या वेस्लींनी गोरगरिबांसाठी १७४७ साली घरगुती औषधोपचारांचे एक पुस्तक लिहिले होते. १९०८ साली स्थापन झालेल्या नाझरीन चर्चच्या धर्मसूत्रांतही दोन गोष्टी एकाच परिच्छेदात आहेत. आजाऱ्यासाठी विश्वासाने प्रार्थना करावी, आणि देव वैद्यकशास्त्राच्या द्वाराही बरे करतो. त्यांनी एकीसाठी दुसरीला रजा दिलेली नाही.

पण धर्मसूत्र कागदावर असते. ते कसाला लागते ते संकटात. आपल्याकडे ती वेळ आली १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत. दुसऱ्या दुष्काळाने तर वऱ्हाडची दैना केली. तेव्हा वाशीम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि १९९८ साली अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला. पाऊस नाही, पीक नाही, चारा नाही, अशा वेळी पाखरांना देव खाऊ घालतो हे येशूचे बोलणे ऐकणाऱ्याला काय वाटले असेल? सर्वसमर्थ पित्याची लेकरे उपाशी का मरतात, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला कुठल्या ग्रंथात मिळालेले नाही. पण माणसांनी काय केले ते सांगता येते.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. पैसा कुठून येणार याची चिंता देवावर सोपवायची, हा धडा त्यांनी इंग्लंडच्या जॉर्ज म्यूलर यांच्यासारख्यांच्या चरित्रांतून घेतला होता. त्यांनी चिंता सोपवली, काम मात्र सोपवले नाही. केडगावला विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला, मुली हातकाम शिकल्या. रमाबाईंनी स्वतः मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण प्रसिद्ध झाले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भुकेल्याला अन्न देताना त्याचा धर्म बदलायचा काय, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. उपाशी माणसाचा होकार खरा किती, हे ठरवणे अवघड असते. मात्र त्या काळी निराधार विधवेला आणि अनाथ मुलीला दार उघडणारे फार थोडे होते, हेही तितकेच खरे.

आता पुन्हा वाशीमला येऊ. डॉ. ऑर्फा स्पायकर ही अमेरिकन डॉक्टर १९३६ साली भारतात आली. मेथडिस्ट मिशनची मुलींच्या शाळेची जुनी इमारत नाझरीन मिशनने घेतली होती. तिथेच रुग्णालय थाटायचे होते. वर्ग होते, पण शस्त्रक्रियेची खोली नव्हती. बाईंनी शाळेचा दवाखाना केला आणि पुढची बांधकामेही स्वतः उभे राहून करून घेतली. परिचारिकांचे शिक्षणही तिथे सुरू झाले. नाझरीन मिशनच्या कामाचे आद्य प्रमुख हायरम रेनॉल्ड्स यांचे नाव या रुग्णालयाला दिले गेले.

या रुग्णालयाशी जोडलेली आणखी एक हकिकत विसरू नये अशी आहे. डॉ. एव्हलिन विटहॉफ आणि परिचारिका जेराल्डीन चॅपेल या दोघी १९४१ च्या अखेरीस भारताकडे निघाल्या होत्या. वाटेत फिलिपिन्समध्ये त्या असतानाच जपानने युद्ध पुकारले. मनिलातल्या सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात जपान्यांनी छावणी केली होती. तिथे तीन वर्षे त्या कैदेत राहिल्या. अखेरच्या महिन्यांत तर छावणीत अन्नान्न दशा होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये सुटका झाली. एवढे सोसल्यावर आता घरीच राहतो असे त्या म्हणाल्या असत्या, तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्या भारतात आल्या आणि डॉ. विटहॉफ यांनी वाशीमच्या रुग्णालयात वर्षानुवर्षे रुग्ण तपासले.

या माणसांची चरित्रे वाचताना मला एक गोष्ट वारंवार जाणवते. देवाच्या सामर्थ्यावर भिस्त ठेवणे म्हणजे आपल्या मनासारखे घडेल याची हमी नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. विटहॉफबाईंना छावणी चुकली नाही, रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्याआधी गेली. त्यांची श्रद्धा त्यांना उपयोगी पडली ती दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा कामाला लागण्यासाठी. निकाल आपल्या हाती नाही, हे एकदा मान्य केले की माणूस निकालाच्या भीतीने काम सोडत नाही.

हे आपल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायला नको. वाशीमचा शेतकरी मृगाची वाट पाहतो, आभाळाकडे बघून हात जोडतो आणि तिफण मात्र आधीच दुरुस्त करून ठेवतो. बियाणे पेरले की पुढचे त्याच्या हाती नसते. त्याचा देव कोणताही असो, ही भिस्त तो दर वर्षी नव्याने ठेवतो. एका मिशनच्या दवाखान्याची शिकवण मला याच जातीची वाटते. प्रार्थना करून झाली की डॉक्टर हात धुऊन शस्त्रक्रियेला उभा राहतो, आणि त्या दोन्ही गोष्टी एकाच श्रद्धेच्या असतात.