गिअरपेटी, स्वयंचलित : जुन्या मोटारींतील बिघाड

चालकाने क्लच दाबून दांडा न हलविता एंजिनाचा वेग व चाकांचा वेग यांची सांगड आपोआप घालून देणाऱ्या यंत्रणेस स्वयंचलित गिअरपेटी म्हणतात [⟶ मोटारगाडी]. नव्या गाडीत ही सोय सुखाची असते. मात्र गाडी दहा-बारा वर्षांची झाली की, तिच्या मालकाला एका विशिष्ट अनुभवास तोंड द्यावे लागते. पेटी बिघडते, खर्च करून दुरुस्त होते आणि काही महिन्यांत पुन्हा तशीच बिघडते. मुंबई, ठाणे, कळवा व कल्याण या पट्ट्यात हा प्रश्न उशिरा आला. तो का आला व पुनःपुन्हा का उद्‌भवतो, हे या यंत्रणेच्या इतिहासावरून समजते.

इतिहास : अमेरिकेतील स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ मध्ये फिरत्या वजनांच्या साहाय्याने चालणारी दोन गतींची स्वयंचलित पेटी बनविली, ती फारशी टिकली नाही. पुढील प्रगतीचा पाया मोटारीत नव्हे, तर जहाजात घातला गेला. जर्मन अभियंता हेर्मान फॉटिंगर यांनी १९०५ मध्ये द्रवाच्या द्वारे शक्ती संक्रमित करण्याच्या युक्तीचे एकस्व घेतले. एक पंखा तेल फेकतो व त्या तेलाच्या माऱ्याने समोरचा पंखा फिरतो. दोहोंमध्ये घन दुवा नसतो. जनरल मोटर्स कंपनीने ही युक्ती व सूर्य-ग्रह दंतचक्रमाला यांची जोड घालून ‘हायड्रामॅटिक’ ही चार गतींची पेटी १९३९ मध्ये, १९४० च्या ओल्ड्‌समोबिल गाड्यांसाठी, बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकन रणगाड्यांतही बसविण्यात आली. १९४८ च्या ब्यूक गाडीतील ‘डायनाफ्लो’ पेटीत परिपीडन परिवर्तक (एंजिनाचा पीळ वाढवून पुढे देणारे द्रवीय साधन) आला आणि आजच्या बहुतेक पेट्यांचा आराखडा निश्चित झाला.

या पेटीत तेल हे केवळ वंगण नसते. तेच शक्ती वाहून नेते, क्लचच्या चकत्या दाबून धरते, उष्णता बाहेर काढते आणि झडपांना आज्ञा देते. पूर्वी या तेलात स्पर्म देवमाशाचे तेल मिसळीत. १९७० च्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर पर्यायी मिश्रणे वापरात आली आणि पेट्या नादुरुस्त होण्याच्या तक्रारी वाढल्या. तेल बदलले की यंत्र बदलते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

भारतातील आगमन : जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींच्या जुळणीचा कारखाना काढला होता. केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना वाव न ठेवणाऱ्या सरकारी धोरणामुळे तो १९५४ मध्ये बंद झाला. त्यानंतरची सुमारे चार दशके या भागातील कारागिरांचे शिक्षण प्रामुख्याने कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या गाड्यांवर झाले. फियाट ११०० आणि तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी यांची चार गतींची, सुकाणूजवळच्या दांड्याने चालणारी पेटी उघडणे, झिजलेले दंतचक्र काढणे व नवे बसविणे हे काम रस्त्याकडेच्या गॅरेजमध्येही होत असे. १९८५ मध्ये आलेल्या ११८ एनई या गाडीला निस्सान कंपनीचे एंजिन व गिअरपेटी होती. तीही हातानेच चालवावयाची. त्यामुळे ‘पेटी काढा, भाग बदला, पेटी बसवा’ ही पद्धत रूढ झाली. पद्मिनीसाठी ती योग्यच होती.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मारुतीच्या एस्टीम व झेन, नंतर ह्युंदाई सँट्रो व होंडा सिटी यांच्या स्वयंचलित आवृत्त्या आल्या. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओमध्ये साध्या पेटीलाच यांत्रिक हात जोडण्याची स्वस्त योजना आली आणि क्लचविरहित गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. याच गाड्या वापरलेल्या स्थितीत पुढे दुसऱ्या व तिसऱ्या मालकाकडे जाऊ लागल्या.

कळवा परिसर : ठाणे खाडीच्या पूर्वेस वसलेले कळवा १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. ठाणे-बेलापूर मार्गावरील कारखाने, मुंब्रा वळणरस्त्यावरील अवजड वाहतूक आणि खाडीवरील पूल यांमुळे येथील वाहन तासन्‌तास मुंगीच्या पावलांनी चालते. २०२२ मध्ये तिसरा पूल खुला झाल्यावरही गर्दी संपलेली नाही. नेमक्या अशाच चालीत परिवर्तकातील तेल सर्वाधिक घुसळले जाते, तर समोरून येणारा वारा सर्वांत कमी असतो. तेलाचे तापमान सुमारे १० से.ने वाढले की, त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे.

दुसरे संकट पाण्याचे. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसाळ्यात पाणी साचते. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझ येथे ९४४ मिमी. पाऊस पडला आणि ठाणे जिल्ह्यातही असंख्य गाड्या बुडाल्या. पेटीच्या श्वासनळीतून पाणी आत गेले की, क्लचच्या चकत्यांवरील कागदसदृश अस्तर ते शोषून घेते व त्याचा डिंक सुटतो. वरून धुऊन पुसून चकचकीत केलेली अशी गाडी काही महिने नीट चालते; तोवर ती विकलीही गेलेली असते.

बिघाडाची पुनरावृत्ती : पद्मिनीची पेटी स्वयंपूर्ण होती, स्वयंचलित पेटी तशी नाही, हा पुनरावृत्तीच्या मुळाशी असलेला भेद होय. तिचे तेल नळ्यांवाटे बाहेर पडून बहुधा एंजिनाच्या रेडिएटरच्या टाकीतील शीतकात जाऊन परत येते. जळालेल्या अस्तराचा चुरा या शीतकात व नळ्यांत साठतो. तसाच तो जोडावर झाळलेल्या, न उघडणाऱ्या परिवर्तकातही राहतो. पेटी नवी केली पण शीतक साफ केला नाही किंवा बदलला नाही, तर पहिल्याच फेरीत तो चुरा नव्या पेटीत उतरतो. शीतक आतून गंजून फुटला असेल, तर रेडिएटरचे पाणीच तेलात मिसळते. झडपांचा संच हे आणखी एक दुखणे. त्यातील ॲल्युमिनियमची भोके झिजली की, दाब गळतो, चकत्या अर्धवट पकडतात व घसरून जळतात. कारागीर जळालेल्या चकत्या पाहून त्या बदलतो. कारण मात्र जागच्या जागी राहते. म्हणून पेटी उतरविण्यापूर्वी दाबमापक लावणे, तळाची थाळी काढून चुंबकावरील चुरा तपासणे आणि विद्युत् जोडण्या पाहणे आवश्यक असते. बारीक धातूची करडी साय थोडीफार असणे स्वाभाविक आहे. चकाकणारे तुकडे व करपलेला वास हे मात्र अशुभ लक्षण होय.

तेलाच्या बाबतीत उत्पादकांनीही घोळ घातला. १९९० नंतर अनेकांनी तेल मोजण्याची सळई काढून टाकली व आतील तेल ‘आयुष्यभराचे’ असल्याचे जाहीर केले. हे आयुष्य गाडीचे की हमीच्या मुदतीचे, याचा खुलासा क्वचितच आढळतो. पेट्या बनविणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी. नंतर तेल बदलण्याचा सल्ला देते.

काही वेळा दोष वापराचा नसून रचनेचाच असतो. फोक्सवॅगनच्या कोरड्या दुहेरी क्लचच्या सात गतींच्या पेटीतील संश्लिष्ट तेलामुळे उष्ण व दमट हवामानात विद्युत् बिघाड होत. चीनमध्ये मार्च २०१३ मध्ये या जातीच्या पेट्या असलेली ३,८४,१८१ वाहने परत बोलावली गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अनेक देशांतील गाड्यांत खनिज तेल भरण्याची मोहीम झाली. कोकणपट्टीचे हवामान कसे असते, हे वाचकास सांगावयास नको. फोर्डच्या ‘पॉवरशिफ्ट’ पेटीबाबत ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये, तक्रारींची हाताळणी अन्याय्य ठरवून, १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. भारतातील २०१३ च्या इकोस्पोर्टमध्येही पॉवरशिफ्ट होती. २०२१ मध्ये फोर्डने भारतातील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केल्यावर सुट्या भागांची चिंता वाढली. कल्याण-डोंबिवलीकरांना अशी चिंता नवी नव्हती. येथील कारखान्यात १९९४ पासून बनू लागलेल्या प्यूजो ३०९ गाडीचे उत्पादन १९९७ मध्ये बंद पडले, तेव्हा तिच्या मालकांनी ती अनुभवली होती.

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ याने सदोष वाहने परत बोलाविण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. तथापि १ एप्रिल २०२१ पासून अंमलात आलेले नियम सात वर्षांच्या आतील वाहनांपुरते मर्यादित होते. याचा अर्थ, पेटीचे दुखणे ज्या वयात खऱ्या अर्थाने सुरू होते, त्या वयाची गाडी या संरक्षणाबाहेर राहिली. १५ वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्कही १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. अशा स्थितीत दुसऱ्यांदा बिघडलेली पेटी दुरुस्त करावी की गाडी काढून टाकावी, याचा निर्णय शीतक, झडपसंच व परिवर्तक यांच्यासह होणारा संपूर्ण खर्च लेखी मागवूनच घेणे इष्ट. नुसत्या चकत्यांचा भाव कमी दिसतो, परंतु तो बहुधा पहिला हप्ता असतो.